उत्पन्न कमी आहे, सरकारी आरोग्य कार्ड मिळेल का? गोव्यातल्या कुटुंबांसाठी

साखळीच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान झेरॉक्सचं असलं तरी दिवसातला बराचसा वेळ लोकांचे ऑनलाइन अर्ज भरण्यात जातो. त्यांत आरोग्य योजनांचे अर्ज मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात, कारण ते बहुतेक घरांना कोणीतरी आजारी पडल्यावरच आठवतात. "बाय, आमचं उत्पन्न कमी आहे, सरकारी कार्ड मिळेल ना?" हे मला सत्तरीतले काजू बागायतदारही विचारतात आणि औद्योगिक वसाहतीतले सिक्युरिटी गार्डही.

याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं देता येत नाही, कारण प्रत्येक योजना वेगळी गोष्ट तपासते. एक योजना पगाराची स्लिप बघते. दुसरी २०११ साली तुमच्या घराची परिस्थिती काय होती ते बघते. तिसरी मामलेदाराचा उत्पन्नाचा दाखला मागते. आणि गोव्यातल्या बहुतेक कुटुंबांना जी सर्वांत आधी उपयोगी पडते, ती उत्पन्न विचारतच नाही. त्यामुळे तलाठ्याकडे जाण्याआधी आपल्याला कुठल्या योजनेत बसायचं आहे ते ठरवा. माझ्याकडे येणाऱ्यांची अर्धी धावपळ चुकीच्या कागदामागे झालेली असते आणि त्यात घरचा आजारी माणूस ताटकळतो.

दीनदयाळ: इथे उत्पन्न नाही, वास्तव्य लागतं

सर्वांत आधी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड. गोवा सरकारने ही योजना २०१६ साली सुरू केली. पाच वर्षं किंवा अधिक काळ गोव्यात राहणाऱ्या कुटुंबाला ती लागू होते. तीन किंवा त्याहून कमी माणसांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख रुपयांपर्यंत आणि चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. फी लहान कुटुंबाला वर्षाला २०० रुपये, मोठ्याला ३००. सरकारी नोकरांच्या उपचारांची सोय वेगळी असल्यामुळे त्यांना यात घेत नाहीत.

गरिबांची योजना म्हटली की उत्पन्नाचा दाखला लागणारच, असं लोक धरून चालतात. दीनदयाळसाठी तो लागत नाही. इथे सिद्ध करायचं असतं ते वास्तव्य. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, आधार, मुलांचे जन्मदाखले आणि वास्तव्याचा दाखला एकत्र ठेवलात की काम सरळ होतं.

आमच्या भागात अडचण येते ती सुनांची. डिचोली तालुक्याला लागूनच दोडामार्ग आहे, पुढे सावंतवाडी. तिथून लग्न होऊन आलेल्या कित्येक मुलींचं आधार वर्षानुवर्षं माहेरच्या पत्त्यावर आणि माहेरच्या नावावर राहतं. सासरच्या रेशनकार्डावर नाव चढलेलं नसतं. बाळंतपणाच्या वेळी कुटुंबाच्या कार्डावर तिचं नावच सापडत नाही. म्हणून घरात नवी सून आली की सणवार उरकल्यावर पहिल्या महिन्यातच विवाह नोंदणीचा दाखला घेऊन आधारवरचं नाव आणि पत्ता बदलून घ्या आणि मग रेशनकार्डावर नाव घाला. हे काम सासूने किंवा नवऱ्याने आपण होऊन करावं. नवी मुलगी घरात हे मागायला संकोचते, हे मी समोर बसून बघितलं आहे.

बाळ जन्मल्यावरही तसंच. नवरा, बायको आणि एक मूल अशा तिघांच्या घरात दुसरं मूल आलं की कुटुंब चौघांचं होतं आणि मर्यादा अडीच लाखांवरून चार लाखांवर जाते. जन्मदाखला हातात आला की लगेच नाव चढवा.

दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. हे संरक्षण ठरलेल्या यादीतल्या उपचारांसाठी आहे. योजना आली तेव्हा त्या यादीत ४४७ उपचार होते. दाखल होऊन करायच्या शस्त्रक्रिया आणि उपचारांसाठी कार्ड काढायचं, रोजच्या रक्तदाबाच्या गोळीसाठी नाही. गोळ्यांसाठी आपलं आरोग्य केंद्र आहे, वाळपईचं असो, साखळीचं असो की डिचोलीचं. आणि कार्डाचं नूतनीकरण करावं लागतं. मुदत संपलेलं कार्ड कपाटात जपून ठेवलेली घरं मला नेहमी भेटतात. कार्डाच्या मागे पेनने तारीख लिहून ठेवा, किंवा घरपट्टी भरता त्याच आठवड्यात हेही काम करायची सवय लावा.

बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात १ जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं. तेव्हापासून आपण गोव्यातले आहोत हे खिडकीवर दाखवायलाही हे कार्ड उपयोगी पडतं. घरचं माणूस बांबोळीला, म्हापशाच्या आझिलो किंवा मडगावच्या हॉस्पिसियो या जिल्हा इस्पितळांत न्यायचं असेल तर आधारसोबत हेही बरोबर घ्या.

खासगी नोकरी असेल तर पगाराची स्लिप बघा

कारखान्यात, हॉटेलात, दुकानात किंवा कंत्राटदाराकडे काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासायची, ती म्हणजे कर्मचारी राज्य विमा, ज्याला सगळे ईएसआय म्हणतात. माझ्या मते कमी पगाराच्या माणसासाठी याच्याइतकं भक्कम संरक्षण दुसरं नाही, आणि इतकं दुर्लक्षितही दुसरं काही नाही.

इथली अट पगाराची आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल आणि कामाच्या जागी दहा किंवा अधिक माणसं असतील, तर तुमचा विमा उतरलेला असायला हवा. अपंग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० आहे. पगारातून कापतात ०.७५ टक्के आणि मालक भरतो ३.२५ टक्के. म्हणजे १८,००० पगार असेल तर तुमच्या खिशातून महिन्याला १३५ रुपये जातात आणि मालकाचे ५८५. त्या १३५ रुपयांत तुम्ही, नवरा किंवा बायको, मुलं आणि तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडील अशा सगळ्यांना औषधोपचार मिळतो. खर्चाला वरची मर्यादा ठेवलेली नाही आणि नोकरीच्या पहिल्या दिवसापासून उपचार सुरू होतात. गोव्यात ईएसआयचं इस्पितळ मडगावला आहे, बाकी ठिकाणी दवाखाने आहेत.

स्लिपवर 'ईएसआय' या रकान्यात आकडा आहे का ते आधी बघा. तिथे आकडा असेल पण दहा अंकी विमा क्रमांक तुम्हाला दिलेला नसेल, तर कंपनीच्या ऑफिसात जाऊन तो मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. मग ईएसआयच्या संकेतस्थळावर किंवा सरकारच्या उमंग अ‍ॅपवर त्या क्रमांकाने वर्गणी खरोखर जमा होते आहे का ते तपासा. कुटुंबातल्या माणसांची नावं त्यात घातलेली असायला हवीत. बऱ्याच मुलांनी नोकरीला लागताना लग्न झालेलं नसल्यामुळे फक्त आईचं नाव दिलेलं असतं आणि पुढे बायकोमुलांची नावं घालायचं राहून जातं.

"मी कंपनीचा नाही, कंत्राटदाराचा माणूस आहे," असं सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगमधली मुलं सांगतात. कंत्राटदाराच्या माणसालाही ईएसआय लागू होतो. कंत्राटदाराने वर्गणी भरली नाही तर मूळ कंपनीवर ती जबाबदारी येते. हे माहीत असलेला कामगार ऑफिसात जास्त ठामपणे बोलतो, म्हणून मी हे प्रत्येकाला सांगते.

पगार वाढून २१,००० च्या वर गेला तर कार्ड दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. वर्गणीचे दोन काळ असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. जूनमध्ये पगार वाढला तर सप्टेंबरअखेरपर्यंत वर्गणी चालूच राहते आणि त्या वर्गणीवरचा लाभ त्याच्याही पुढच्या ठरलेल्या काळात मिळतो. तेवढ्या वेळात दीनदयाळचं कार्ड तयार ठेवा.

आणि ही गोष्ट कृपा करून घरातल्या निवृत्त माणसांना सांगा. किमान पाच वर्षं विमा असलेला कामगार वयोमानाने निवृत्त झाला, तर वर्षाला फक्त १२० रुपये भरून त्याला आणि त्याच्या जोडीदाराला ईएसआयचा उपचार पुढेही मिळतो. कारखान्यात उभं आयुष्य घालवलेले काका निवृत्तीनंतर खासगी डॉक्टरकडे पैसे मोजताना दिसतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. निवृत्त होताना कंपनीकडून सेवेचा पुरावा आणि विमा क्रमांक लिहून घ्या. दहा वर्षांनी ती कंपनी त्या जागी असेलच असं नाही.

आयुष्मान: २०११ ची यादी

आयुष्मान भारत, म्हणजे प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. माणसांच्या संख्येची मर्यादा नाही, फी नाही आणि आधीपासूनचे आजारही पहिल्या दिवसापासून धरले जातात. कार्ड देशभरातल्या सूचीतल्या इस्पितळांत चालतं, त्यामुळे बेळगाव किंवा कोल्हापूरला नेण्याची वेळ आली तरी उपयोगी पडतं.

पण यात कोण बसतं, याबद्दल सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत. मामलेदाराचा कमी उत्पन्नाचा दाखला नेला म्हणून मूळ यादीत नाव चढत नाही. ती यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात सर्वेक्षणावरून तयार झाली. खेड्यात कच्च्या भिंती आणि कच्च्या छपराची एकच खोली असणं, घरात १६ ते ५९ वयाचं कोणीच नसणं, बाई कुटुंबप्रमुख असून त्या वयाचा पुरुष घरात नसणं, अपंग माणूस असून काम करू शकणारं दुसरं कोणी नसणं, अनुसूचित जाती-जमातीचं घर, भूमिहीन मजूर कुटुंब, अशा गोष्टी त्यात धरल्या. शहरात धंद्यावरून यादी केली: घरकाम करणाऱ्या बायका, फेरीवाले, गवंडी, रंगारी, शिंपी, ड्रायव्हर, दुकानातला मदतनीस, वेटर.

उलट, घरात दुचाकी किंवा चारचाकी असेल, मोटर लावलेली मासेमारी होडी असेल, फ्रीज असेल, लँडलाइन फोन असेल, किंवा घरातला कोणी महिन्याला १०,००० पेक्षा जास्त मिळवत असेल, तर ते घर बाहेर राहिलं.

खाणपट्ट्यातल्या लोकांनी इथे नीट ऐकावं. २०११ साली डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोड्याला खाणी जोरात चालू होत्या. दारात कर्जावर घेतलेला ट्रक होता, घरात फ्रीज आला होता. त्या वेळची पाहणी त्या घरांना सुखवस्तू म्हणाली, आणि त्या वेळेपुरतं ते खरंही होतं. पुढच्याच वर्षी, २०१२ ला, खाणी थांबल्या; पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ ला पुन्हा बंद पडल्या. ट्रक अंगणात गंजले, पण यादी तीच राहिली. "आमच्यापेक्षा बरं चाललेल्या शेजाऱ्याला कार्ड आहे आणि आम्हाला नाही," असं ट्रकवाले भाऊ मला सांगतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात तथ्य असतं. पण त्यासाठी नवा उत्पन्नाचा दाखला काढून धावू नका. अशा घरांसाठी दीनदयाळच आहे, कारण तिथे तुमच्या नावावर ट्रक आहे की नाही हे कोणी विचारत नाही.

तरीही यादीत नाव आहे का ते एकदा तपासाच, विशेषतः विधवा बायकांच्या घरांनी आणि अनुसूचित जमातीच्या कुटुंबांनी. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या लाभार्थी संकेतस्थळावर मोबाइल क्रमांकाने आत जाऊन आधार क्रमांकाने शोधता येतं. जमत नसेल तर जवळच्या सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रात, किंवा योजनेत असलेल्या इस्पितळातल्या आयुष्मानच्या खिडकीवर जा. १४५५५ हा मदतीचा मोफत क्रमांक आहे. कुटुंब यादीत असेल तर नंतर आलेली सून आणि मुलं त्यात जोडता येतात. अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशा यांनाही २०२४ मध्ये या योजनेत घेतलं, हे आपल्या वाड्यावरच्या सेविकेला जरूर सांगा. ती बाकी सगळ्यांचे अर्ज भरून देते आणि स्वतःचा राहून जातो.

वय ७० पूर्ण झालं असेल तर वरचं सगळं विसरा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. लागतं फक्त आधार, आणि वय आधारवरून धरतात. पाच लाखांपर्यंतचं हे संरक्षण घरातल्या वृद्धांपुरतंच असतं. दोघंही सत्तरच्या पुढचे असतील तर ते दोघांत मिळून. घर आधीच आयुष्मानच्या यादीत असेल तर वृद्धांना हे पाच लाख वेगळे मिळतात. ईएसआय किंवा खासगी विमा असला तरी हे घेता येतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेत किंवा माजी सैनिकांच्या योजनेत असलेल्यांनी मात्र दोन्हींतलं एक निवडायचं असतं.

इथे आधारवरची जन्मतारीख घात करते. आपल्या आजीआजोबांच्या आधारवर कित्येकदा नुसतं जन्मसाल अंदाजाने घातलेलं असतं. पंच्याहत्तरीच्या बाई कागदावर अडुसष्टच्या असतात. पोर्तुगीज अमदानीतली जन्मनोंद नागरी नोंदणी कार्यालयात सापडू शकते. शाळेचा दाखला नसेल तर तिथे शोधा, नोंदीचा उतारा घ्या आणि आधार केंद्रावर तारीख दुरुस्त करून घ्या. आजारपण येण्याआधी करण्यासारखं हे काम आहे, कारण याला वेळ लागतो.

मामलेदाराचा दाखला कधी आणि कसा

उत्पन्नाचा दाखला खरोखर लागतो तो मोठ्या आजाराच्या वेळी, गोवा सरकारच्या मेडिक्लेम योजनेसाठी. जो विशेष उपचार गोव्यातल्या सरकारी इस्पितळात होत नाही, त्यासाठी आरोग्य संचालनालय आर्थिक मदत देतं. तिथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाला मर्यादा असते, आणि उत्पन्नाच्या दाखल्याबरोबर गोव्यातल्या दीर्घ वास्तव्याचा दाखलाही लागतो. उपचार सुरू होण्याआधी अर्ज करा. बांबोळीच्या डॉक्टरांनी उपचार इथे होत नाही असं सांगितलं, तर ते लेखी घ्या, आणि जिथे जायचं त्या इस्पितळाकडून खर्चाचं अंदाजपत्रक घ्या.

दाखल्यासाठी अर्ज गोवा ऑनलाइनच्या संकेतस्थळावर भरता येतो, किंवा तालुक्याच्या मामलेदार कार्यालयात. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचे पुरावे आणि स्वतःचं घोषणापत्र जोडायचं. तलाठी चौकशी करून अहवाल देतो. तलाठी काय विचारणार याची तयारी घरीच करा, कारण बहुतेक अर्ज तिथेच अडतात.

प्रश्न असतो पूर्ण कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नाचा. लोक फक्त नवऱ्याचा पगार लिहितात. समजा नवरा दुकानात महिना ९,००० वर आहे, म्हणजे वर्षाचे १,०८,०००. काजूच्या हंगामात हातात राहिले ४०,०००. मागची खोली महिना ३,००० ने भाड्याने दिली आहे, त्याचे ३६,०००. एकूण झाले १,८४,०००. हे असं एका कागदावर मांडून न्या. पगाराचं मालकाकडून पत्र, बागायतीसाठी एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा, बँकेच्या पासबुकाची प्रत जोडा. मांडणी स्वच्छ असली की तलाठ्यालाही अहवाल लिहिणं सोपं जातं.

"बाय, माझं उत्पन्न काहीच नाही, मग शून्य लिही," असं एकट्या राहणाऱ्या वयस्कर बायका सांगतात. शून्य लिहिलं की पुढचा प्रश्न येतोच, मग खाता काय? गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे येतात, भाऊ तांदूळ देतो, परसातले नारळ विकले जातात. जे आहे ते लिहावं. ते इतकं कमी असतं की मर्यादेच्या जवळपासही जात नाही, आणि खरा आकडा कुठल्याही चौकशीत टिकतो.

मुद्दाम उत्पन्न कमी दाखवण्याच्या भानगडीत पडू नका. गृहिणींना महिन्याला मदत देणाऱ्या गृह आधार योजनेसाठी घरातल्या बाईने एक आकडा दिलेला असतो, मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी वडिलांनी दुसरा, आणि मेडिक्लेमसाठी तिसरा. गृह आधारची मर्यादा वर्षाला तीन लाख आहे. तिथे दिलेला आकडा आणि आजचा आकडा यांत फरक असेल तर कारण सांगता आलं पाहिजे: मुलगा नोकरीला लागला, नवऱ्याचं काम सुटलं. घरातल्या सगळ्या दाखल्यांच्या प्रती एकाच फाइलमध्ये ठेवा, म्हणजे कोणी काय लिहिलं ते सगळ्यांना दिसेल.

आपल्याकडच्या जुन्या घरांचा वेगळाच गुंता असतो. घर पणजोबांच्या नावावर, घरक्रमांक एक, वीजबिल वारलेल्या आजोबांच्या नावावर आणि आत तीन भावांच्या तीन चुली. एका भावाला दाखला हवा असला की तिघांचं उत्पन्न एकत्र धरलं जाण्याची भीती असते. अशा वेळी वेगळं रेशनकार्ड हा सर्वांत उपयोगी पुरावा. भावाभावांत बोलणं असेल तेव्हाच तो विषय काढून रेशनकार्डं वेगळी करून घ्या. त्यात वाटणीचा प्रश्न नाही आणि घराच्या हक्काला त्याने धक्का लागत नाही, हे वडीलधाऱ्यांना नीट समजावून सांगा.

नाव सगळीकडे एकच करा

वरच्या प्रत्येक योजनेत अडवणारी एक गोष्ट म्हणजे नाव. आधारवर एक स्पेलिंग, जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं दुसरं, मतदार ओळखपत्रावर वडिलांचं नाव मध्ये घातलेलं. आडनावाच्या जागी एका कागदावर गावकर आणि दुसऱ्यावर घराण्याचं दुसरंच नाव. लग्नानंतर बाईचं पाळण्यातलं नावही बदललेलं असतं. संगणकाला ही दोन माणसं वाटतात.

घरातल्या प्रत्येकाचे सगळे कागद एकदा जमिनीवर मांडा आणि नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, जन्मतारीख आणि पत्ता या चार गोष्टी ताडून बघा. आधार आधी दुरुस्त करा, कारण बाकीचं सगळं आता त्याच्याशी जोडून बघतात. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना तेही बघा. ओटीपी दुबईला असलेल्या मुलाच्या बंद पडलेल्या सिमवर जात असेल तर खिडकीवरचा माणूस काहीच करू शकत नाही. गावात पंचायतीत स्वयंपूर्ण मित्र, म्हणजे सरकारने नेमलेले अधिकारी, येतात, त्यांच्याकडूनही या दुरुस्त्यांची वाट समजते. या सगळ्यासाठी मध्यस्थाला शेकडो रुपये मोजू नका. सरकारी फी किती आहे ती आधी विचारा आणि पावती घ्या.

इस्पितळात गेल्यावर

शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर दाखल होण्याच्या आधी जाऊन विचारा: हे इस्पितळ माझ्या योजनेत आहे का, हा उपचार यादीत आहे का, मंजुरी कोण मागवणार? मंजुरी आल्यावरच तारीख पक्की करा. आयुष्मानमध्ये दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस यांचा खर्चही धरलेला आहे, तेव्हा घरी सोडताना औषधांचं विचारा. योजनेतल्या उपचारासाठी कोणी रोख मागितली तर लेखी मागा आणि तिथूनच १४५५५ ला फोन करा.

छातीत दुखायला लागलं, अपघात झाला, बाळंतीण अडली, तर मात्र कार्ड शोधत बसू नका. १०८ ला फोन करा आणि माणूस जवळच्या सरकारी इस्पितळात पोचवा. घरातला दुसरा कोणीतरी फाइल घेऊन मागून येईल. म्हणून ती फाइल कपाटात कुलपाखाली न ठेवता कुठे असते हे घरातल्या शाळकरी मुलालाही माहीत असू द्या, आणि तिच्यातल्या प्रत्येक कार्डाचा फोटो किमान दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या.